स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालंय: पहिल्या ऑपरेशनआधी काय तपासायचं, काय विचारायचं

रिपोर्ट हातात येतो, त्यात 'इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा' असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि घरात रडारड आणि फोनाफोनी एकदमच सुरू होते. जेठ त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना लावतात, भाऊ सुरतहून मित्राला विचारतो, कुणी मुंबईच म्हणतं, कुणी जडीबुटीवाल्याचा पत्ता देतं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी ठरवूनही टाकतं, की परवा ऑपरेशन करून मोकळं व्हायचं.

आमच्या घरात नणंदेच्या वेळी, आणि नंतर गल्लीतल्या, नात्यातल्या बायांसोबत दवाखान्यात बसताना हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून हे लिहिते. माझं म्हणणं थोडक्यात असं: पहिला उपचार कोणता हे ठरण्याआधी तपासण्या पुऱ्या होऊ द्या, आणि ते ठरतं तेव्हा जिला आजार झालाय ती बाई त्या खोलीत असू द्या.

आधी हे समजून घ्या: वेळ किती आहे

स्तनाचा कॅन्सर बहुतेक वेळा आठवड्याभरात हाताबाहेर जात नाही. नीट तपासण्या करून, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊन उपचार सुरू करायला दोन-तीन आठवडे लागले तर नुकसान होत नाही. दोन-तीन महिने घालवले तर होतं. कापूस निघू द्या, लग्न उरकू द्या, आखाजी (अक्षय तृतीया) होऊ द्या, असं करत पावसाळा लागलेली घरं मी पाहिली आहेत. आमच्या खानदेशात म्हणतात ना, "दुखस नही, मंग काय व्हस?" हा आजार सुरुवातीला दुखत नाही, तिथेच फसगत होते.

काही वेळा मात्र थांबायचंच नाही. स्तन लालसर, गरम, सुजलेला आहे आणि कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालीय, तर याच आठवड्यात कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जा. दम लागतोय, किंवा पाठदुखीबरोबर पायातली ताकद जातेय, तर त्याच दिवशी.

तुकडा तपासणी, आणि त्या तुकड्याचं पुढे काय होतं

नुसत्या बारीक सुईने पेशी ओढून केलेली तपासणी, म्हणजे एफएनएसी, पुरेशी नाही. ट्रू-कट किंवा कोअर बायोप्सी हवी. त्यात जाड सुईने गाठीचे बारीक तुकडे काढतात. जागा भूल देऊन बधीर करतात, टाका लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी येते. सुई लावली की गाठ भडकते, पसरते, ही भीती आपल्याकडे घरोघर आहे. तसं होत नाही. नुकसान उलट्या प्रकाराने होतं: बायोप्सी न करताच तालुक्याच्या ठिकाणी कुणीतरी 'साधी गाठ दिसते' म्हणून ती काढून टाकतं. पुढे कळतं की कॅन्सर होता, काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या राहिल्या की नाही याची नोंद नाही, काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) तपासलेल्या नाहीत. मग दुसरं ऑपरेशन आणि पुढचा सगळा हिशोब अंदाजाने.

काढलेला तुकडा ताबडतोब फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे, सलाईनच्या पाण्यात नाही. तासाभरापेक्षा जास्त उशीर झाला तर पुढच्या तपासण्यांचं उत्तर चुकू शकतं, आणि औषध त्याच उत्तरावर ठरतं. तुकडा काढण्याआधी नर्सताईंना "फॉर्मलिन आहे ना?" एवढं विचारायला लाजू नका.

लॅबमध्ये हा तुकडा मेणात बसवून ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात, आणि त्याचे पातळ काप काचेवर घेतात त्या स्लाइड्स. मोठ्या रुग्णालयात गेलात की तिथले डॉक्टर ब्लॉक आणि स्लाइड्स दोन्ही मागतात, कारण ते स्वतः परत तपासून बघतात. नुसता कागद घेऊन मुंबई गाठली तर एक फेरी फुकट जाते. निघायच्या आधी लॅबमधून हे दोन्ही सही करून घ्या. प्लास्टिकच्या डबीत, कापसात गुंडाळून ठेवा आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नका. मेण वितळतं.

आणखी एक बारीक गोष्ट. रिपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, रेशन कार्डावर तिसरंच, हे आपल्याकडे सर्रास असतं. पहिल्या केसपेपरलाच आधारप्रमाणे नाव लिहून घ्या. नंतर सरकारी आरोग्य योजनेच्या मंजुरीत हेच नाव आठ-आठ दिवस अडवतं.

रिपोर्टमध्ये काय बघायचं

बायोप्सीनंतर आयएचसी नावाची तपासणी झालीच पाहिजे. त्यात ईआर, पीआर (पेशीतले हार्मोन पकडणारे दोन घटक) आणि हर-2 (गाठ वाढवणारं एक प्रथिन) या तीन गोष्टी असतात. ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल तर गाठ हार्मोनवर वाढते, म्हणजे हार्मोनच्या गोळ्या उपयोगी पडतात. हर-2 ला 0 पासून 3+ पर्यंत गुण असतात: 3+ म्हणजे पॉझिटिव्ह, 0 आणि 1+ म्हणजे नेहमीच्या हिशोबाने निगेटिव्ह, आणि 2+ म्हणजे अजून ठरलेलं नाही. 2+ आलं की फिश नावाची पुढची तपासणी करावी लागते. ती महाग आहे म्हणून टाळू नका, कारण वर्षभराच्या एका औषधाचा निर्णय तिच्यावर आहे. तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात.

रिपोर्टवर 'ग्रेड 3' दिसलं की घरात 'थर्ड स्टेज' अशी बातमी पसरते. ग्रेड म्हणजे पेशी किती वेगाने वाढणाऱ्या दिसतात ते. स्टेज म्हणजे आजार कुठवर गेलाय ते. ग्रेड 3 असलेली बाई पहिल्या स्टेजला असू शकते. नातेवाइकांना फोन करण्याआधी हा फरक डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या, नाहीतर बाईच्या कानावर नको ते येतं.

दोन्ही बाजूंची मॅमोग्राफी आणि काखेची सोनोग्राफी सगळ्यांनाच लागते. पेट स्कॅन, म्हणजे आजार अंगात कुठे पसरलाय का ते बघणारा स्कॅन, सगळ्यांना लागत नाही. गाठ लहान, काख मोकळी आणि दुसरा काही त्रास नसेल तर तो बहुधा नकोच. गाठ मोठी असेल, काखेत गाठी असतील किंवा हाडं दुखत असतील तर पेट स्कॅन, किंवा सीटी आणि बोन स्कॅन, गरजेचा आहे. "या स्कॅनने माझ्या उपचारात काय बदल होईल?" हा प्रश्न विचारा. उत्तर 'काहीच नाही' असेल तर ते पैसे प्रवासाला ठेवा.

जायचं कुठे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; तपासणीची सुरुवात तिथून करता येते. जळगावहून अजिंठामार्गे सुमारे 160 किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, धुळ्याकडच्यांना चाळीसगाव-कन्नडमार्गे तेच पडतं किंवा आग्रा रोडने नाशिक. नवापूर-नंदुरबारची मंडळी सुरतला जातात. पण महाराष्ट्राची योजना गुजरातमधल्या रुग्णालयात चालेल असं गृहीत धरू नका. तिथे तुमचं आयुष्मान कार्ड चालतं का हे आधी विचारा. आणि मुंबईत परळला 1941 पासूनचं टाटा मेमोरियल आहेच.

माझं मत असं: उपचाराचा आराखडा मोठ्या केंद्रात ठरवून घ्या, जिथे सर्जन, केमोचे (कॅन्सरवरच्या सलाईन-औषधांचे) डॉक्टर आणि शेकाचे (रेडिएशनचे) डॉक्टर एकत्र बसतात. केमो शक्यतो घराजवळ घ्या. दर तीन आठवड्यांनी उलट्या करत रेल्वेने येणं-जाणं कुणालाही झेपत नाही. बऱ्याचदा मोठं रुग्णालयच लिहून देतं की अमुक औषधं अमुक मापात स्थानिक डॉक्टरांकडे द्या. शेक मात्र जिथे मशीन आहे तिथेच. आता बहुतेक ठिकाणी तो तीन आठवड्यांत, 15-16 वेळा देतात. निवडक बायांना पाच दिवसांतही देतात. जवळच्या केंद्रातलं मशीन चालू आहे का आणि योजनेत आहे का, हे फोनवर विचारून मगच निघा.

मुंबईला जाणं शक्य नसेल तर नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे. देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं हे जाळं 2012 मध्ये सुरू झालं. त्याच्याशी जोडलेल्या 'नव्या' या सेवेतून रिपोर्ट पाठवून घरबसल्या तज्ज्ञांचं मत मागवता येतं. कॉलेजात जाणारा भाचा हे काम सहज करतो.

प्रवासाचं थोडक्यात. उपचाराला जाता-येता रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टिअर एसीत पूर्ण सवलत आहे आणि सोबतच्या माणसाला 75 टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच. मुंबईत राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही जुनी ठिकाणं. जागा मिळायला रुग्णालयाची चिठ्ठी लागते, म्हणून पहिल्याच दिवशी तिथल्या समाजसेवा विभागात जा.

पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला भेटा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2024 पासून राज्यातल्या सगळ्या रेशन कार्डधारकांना लागू आहे, पांढऱ्या कार्डालाही, आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. ऑपरेशन, केमो, शेक हे सगळं तिच्यात येतं, पण त्या रुग्णालयाचा तो विभाग योजनेत असला पाहिजे. काही ठिकाणी ऑपरेशन योजनेत होतं आणि केमो नाही. प्रवेशद्वाराजवळ आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. रेशन कार्ड, आधार, फोटो आणि बायोप्सी रिपोर्ट घेऊन आधी तिथे जा. मंजुरी उपचाराच्या आधी लागते, रोखीने भरून टाकलेले पैसे नंतर मिळवणं फार अवघड जातं. लग्न झालेल्या मुलीचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असेल तर तेही याच आठवड्यात मार्गी लावा. हेल्पलाइन 155388. तरीही कमी पडलं तर मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज करा. शेत गहाण टाकायची बोलणी हे सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर.

डॉक्टरांच्या खोलीत कोण जाणार

एका बाईसोबत गेले होते तेव्हाची गोष्ट. नाव पुकारलं तसे नवरा, जेठ आणि भाऊ आत गेले. ती बाहेर बाकावर, मांडीवर पिशवी, पिशवीत फाइल. आतून डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट कोण?" तेव्हा तिला बोलावलं. पुरुषांचे प्रश्न खर्चाचे आणि किती दिवसांचे होते. तिने एकच विचारला: "मला हात वर करता येईल ना? कपाशी वेचावी लागते." त्या प्रश्नाने डॉक्टर थांबले. काखेतल्या सगळ्या गाठी काढायच्या की मोजक्या, यावर त्यांनी मग निवांत समजावून सांगितलं. तिघा पुरुषांच्या डोक्यात तो प्रश्न आलाच नव्हता.

तिला माहीत नको, ती खचेल, असं म्हणून आजार लपवणारी घरंही आहेत. केस गळायला लागले की तिला कळतंच, आणि मग ती कुणावरच विश्वास ठेवत नाही. तिला सांगा, तिच्या भाषेत सांगा, अहिराणीत सांगा.

वहीत प्रश्न लिहून न्या. माझा प्रकार कोणता, स्टेज कोणती? आधी ऑपरेशन की आधी केमो, आणि का? उपचार बरं करण्यासाठी आहे की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी? हे नाही केलं तर दुसरा पर्याय काय? एका माणसाने फक्त लिहायचं काम करावं.

गाठ काढायची की पूर्ण स्तन

'एकदाचं सगळं काढून टाका' हे वाक्य बहुतेक घरांत दुसरंच कुणीतरी बोलतं. खरं असं आहे की लवकरच्या स्टेजला फक्त गाठ आणि भोवतीचा भाग काढून नंतर शेक दिला, तर बाई तितकीच जगते जितकी पूर्ण स्तन काढल्यावर. अमेरिका आणि इटलीतल्या मोठ्या अभ्यासांचे 20 वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दोन्हींनी हेच दाखवलं. स्तन राखला म्हणजे उपचार अर्धवट झाला, असं मुळीच नाही.

अट एकच: शेक पुरा करायचा. तीन आठवडे बाहेर राहणं खरोखरच जमणार नसेल, तर ते आधीच मोकळेपणाने सांगा. एकाच स्तनात दूरदूर अनेक गाठी असतील, स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल, किंवा सुजलेला-लाल प्रकार असेल, तर पूर्ण स्तन काढणं योग्य ठरतं. पूर्ण काढल्यावर शेक लागतच नाही असंही नाही. काखेत आजार असेल तर लागतो. स्तन नव्याने घडवण्याची शस्त्रक्रिया होते, तिची चौकशी करणं म्हणजे नटणं नव्हे.

काखेचा निर्णय हाताच्या दृष्टीने मोठा. काखेत आजार दिसत नसेल तर सेंटिनल नोड बायोप्सी करता येते का हे विचारा. त्यात आजार आधी जिथे पोहोचतो त्या पहिल्या काही गाठीच काढून तपासतात, त्यामुळे हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो. सगळ्या गाठी काढाव्या लागल्या तर खांद्याचे व्यायाम ऑपरेशननंतर लगेच शिकून घ्या, कपाशीत किंवा चुलीपाशी त्या हाताला चिरा-चटके लागू देऊ नका, आणि सूज दिसताच दाखवा. अंगठी घट्ट होणं ही पहिली खूण.

एक प्रश्न सर्जनना नक्की विचारा. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या 11 केंद्रांत सुमारे 1,600 बायांवर अभ्यास केला, तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. गाठ काढण्याआधी तिच्याभोवती लिग्नोकेन या साध्या, स्वस्त भुलीच्या औषधाचं इंजेक्शन दिलं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या बाया इंजेक्शन दिलेल्या गटात 90 टक्के होत्या, न दिलेल्यात 86 टक्के. "हे माझ्या बाबतीत करता येईल का?" एवढंच विचारायचं.

आधी केमो सांगितली तर घाबरू नका

गाठ मोठी असेल, काखेत आजार असेल, किंवा प्रकार ट्रिपल निगेटिव्ह वा हर-2 पॉझिटिव्ह असेल तर बऱ्याचदा केमो आधी देतात. 'ऑपरेशन होण्यासारखं राहिलं नाही' असा त्याचा अर्थ नसतो. गाठ आकसते, मग कधी स्तन राखता येतो, आणि औषध लागू पडतंय का हे डोळ्यांनी दिसतं. मात्र केमोआधी गाठीत धातूची बारीक खूण, क्लिप, बसवायची का हे विचारा. गाठ पूर्ण विरघळली तर ऑपरेशनच्या वेळी जागा सापडायला हवी.

हर-2 पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब साधारण वर्षभर देतात. भारतात तयार झालेली त्याची स्वस्त रूपं मिळतात. ती हलकी म्हणून नाकारू नका. या औषधाच्या काळात हृदयाची टू-डी इको ठरावीक अंतराने करायची असते. बाई तरुण असेल आणि पुढे मूल हवं असेल तर केमो सुरू होण्याआधीच बोला. बीजं साठवून ठेवता येतात, नंतर उशीर होतो. उपचारात गरोदर राहायचं नाही, आणि त्यासाठी हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्याही चालत नाहीत.

केमोच्या काळात ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला की रात्र असो की दिवस, दवाखाना. घरी गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्री गाडी कुणाची, डॉक्टर कोण, हे पहिल्या सलाईनआधी ठरवून ठेवा, विशेषतः यावल-रावेरच्या आतल्या गावांत, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर. आपला उन्हाळा 45 अंशांचा. उपचार एप्रिल-मेमध्ये आला तर पाणी, ताक, लिंबू सरबत सतत चालू ठेवा आणि प्रवास पहाटे करा. खायला ताजं, शिजवलेलं, गरम: खिचडी, वरण, अंडी, कळण्याची भाकरी, ताजं भरीत सुद्धा. फक्त तोंड आलं असेल तेव्हा ठेचा बाजूला ठेवा. वांगं वर्ज्य, दूध वर्ज्य असली पथ्यं लादून तिचं वजन उतरवू नका. चूर्ण, काढे चालू असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका, काहींनी औषधाचा परिणाम बिघडतो.

तिचं ताट-अंथरूण वेगळं करू नका. हा आजार कुणाला लागत नाही.

गोळ्या, आणि त्या सोडून देणं

ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमोक्सिफेन किंवा लेट्रोझोल पाच वर्षं, काहींना दहा. गोळी स्वस्त आहे, जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त. बाया दुसऱ्या वर्षी 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडतात. गरम वाफा येणं, सांधे धरणं हे त्रास खरे आहेत आणि त्यावर उपाय आहेत; गोळी बंद न करता ते सांगा. टॅमोक्सिफेनवर असताना पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल गेलं तर लगेच दाखवा.

चौथी स्टेज असेल तर

हाडं, यकृत किंवा फुप्फुसात आजार गेला असेल तर 'निदान गाठ तरी काढा' असा आग्रह घरचे धरतात. टाटा मेमोरियलनेच 350 बायांवर हे तपासलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढलं नाही. जखम, रक्तस्राव असेल तर गोष्ट वेगळी. इथे औषधं मुख्य, आणि काही प्रकारांत त्यांच्यावर बाया कित्येक वर्षं घरकाम-शेती करत राहतात. वेदनेचा उपचार पहिल्या दिवसापासून मागा. मॉर्फिनची गोळी म्हणजे शेवट, ही समजूत सोडा. दुखणं थांबलं की माणूस जेवतो, झोपतो.

नंतरची तपासणी आणि घरातल्या इतर बाया

उपचार संपल्यावर सुरुवातीला दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचं आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी. काही त्रास नसताना दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करायची गरज नसते.

बाईचं वय 50 च्या आत असेल, प्रकार ट्रिपल निगेटिव्ह असेल, किंवा घराण्यात आणखी कुणाला स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर बीआरसीए या, घराण्यात चालत येणाऱ्या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकाची रक्ततपासणी करायची का हे विचारा. आईच्या बाजूचा जितका विचार करता तितकाच वडिलांच्या बाजूचाही करा: आत्या, आजी, चुलत बहिणी. बहिणी आणि मुलींनी आपल्या डॉक्टरांना घरातला हा इतिहास सांगायचा. तपासणी साधारणपणे, घरात ज्या वयात कॅन्सर निघाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून सुरू करतात, मात्र मॅमोग्राफी सहसा तिशीच्या आत करत नाहीत. त्या वेळी उपयोगी पडावा म्हणून बायोप्सी, आयएचसी आणि ऑपरेशनच्या रिपोर्टची एक-एक झेरॉक्स मुलीच्या फाइलमध्येही लावून ठेवा.